घरच्या संगणकास पडलेलें परकें कुलूप

मेहकर तालुक्यांतील जानेफळ हें आमचें गांव. पंढरपुराहून परतणारी शेगांवची पालखी मेहकरहून खामगांवकडे ज्या वाटेनें जाते, त्याच वाटेवर तें आहे. अशा गांवीं, चार पिढ्यांच्या माणसांनीं भरलेल्या घरांत, ज्याचा चेहरा कोणीं पाहिला नाहीं व ज्याचा देशही ठाऊक नाहीं अशा एखाद्या इसमानें शिरावें, कपाटाला हातही न लावतां घरांतील सर्वांत मोलाची वस्तु कुलुपांत घालावी, आणि जातांना खंडणीची चिठ्ठी ठेवून जावें, ही गोष्ट कोणीं आम्हांस आधीं सांगितली असती तर आम्हीं ती हेरकथांच्या सदरांत टाकून दिली असती. परंतु सन २०२० च्या नोव्हेंबर महिन्यांत, दिवाळीचा फराळ डब्यांतून संपत आला असतां, ती आमच्याच माजघरांत घडली.

या उपद्रवास ‘रॅन्समवेअर’ असें नांव आहे. मोठ्या कचेऱ्यांस व बँकांस असल्या संकटप्रसंगीं पगारी तज्ज्ञ असतात. घरच्या संगणकाला मात्र घरचींच माणसें, आणि तींही बहुधा एकमेकांस विचारीत बसणारीं. आमच्या हातून त्या दोनतीन दिवसांत ज्या चुका झाल्या त्या वाचकांच्या घरीं होऊं नयेत, एवढ्याचसाठीं ही घरगुती हकीकत आम्ही चारचौघांत मांडीत आहों.

आमचें कुटुंब एकत्र, व संगणक एकच; तो माजघराच्या खिडकीशीं मांडलेला. त्यावर सातबाऱ्याच्या व खरेदीखतांच्या नकला, मुलांचे अभ्यास, वहिनींचे भिशीचे हिशेब, मुंजीलग्नांचीं छायाचित्रें, असा सर्वांचा संसार असे. पण दोन वस्तु अशा होत्या कीं, त्या गेल्या तर पैसे टाकून पुन्हां मिळावयाच्या नव्हत्या. पहिली, आमच्या तीर्थरूपांनीं (घरांत त्यांस सर्वजण नाना म्हणतात) सेवानिवृत्तीनंतर सहा वर्षें खपून लिहिलेला आमचा कुलवृत्तान्त. त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतून नांवें उतरून, भाऊबंदांस शेंकडों पत्रें घालून, तीनशेंवर पृष्ठें त्यांनीं एका बोटानें टंकिलीं होतीं. दुसरी वस्तु म्हणजे आमच्या आजीचा आवाज. ती २०१८ सालीं वारली. त्यापूर्वीं चार वर्षें वहिनींनीं तिला जात्यापाशीं बसवून तिच्या ओव्या मोबाईलवर उतरवून घेतल्या व मग संगणकांत साठविल्या होत्या. एकंदर ४१ ध्वनिमुद्रणें. मोबाईल पुढें मोडीत गेला. आजीच्या आवाजाची दुसरी खूण घरांत नव्हती.

त्या रविवारीं रात्रीं आमचा पुतण्या, थोरल्या बंधूंचा मुलगा, जो तेव्हां अकरावींत होता, संगणकावर बसला होता. चुलतबहिणीच्या साखरपुड्याची चित्रफीत जोडावयाची, त्यासाठीं चांगला प्रोग्राम हवा, आणि तो विकत घ्यावयाचा तर कांहीं हजार रुपये. त्यानें आम्हांस विचारलें होतें. आम्हीं त्याला काय उत्तर दिलें तें येथें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. “फुकट कांहींतरी पाहा कीं,” असें आम्हीं म्हटलें. त्यानें पाहिलें. मूळ प्रोग्रामचें कुलूप फोडून फुकट वांटली जाणारी प्रत, जिला मुलें ‘क्रॅक’ म्हणतात, ती त्याला एका संकेतस्थळावर मिळाली. सोबतच्या सूचनांत लिहिलें होतें कीं, ही प्रत बसवितांना विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम बंद ठेवावा, कारण तो उगीच ओरडतो. मुलानें तो बंद केला. द्वारपालाला आपण होऊन झोंपावयास पाठवून मग दार उघडल्यासारखेंच तें झालें.

या ठिकाणीं थोडें विषयान्तर करितों. देवघरांत कोणी पारोशानें शिरल्यास ज्या घरांत अजून भुंवया उंचावतात, त्याच घरांत चोरीच्या प्रोग्रामाविषयीं मात्र कोणाच्या मनाला कांहीं वाटत नाहीं. आमच्या संगणकांतील ‘विंडोज’ची प्रतही रीतसर विकत घेतलेली नव्हती, विकणाऱ्यानें ती घालून दिली व आम्हीं पावती मागितली नाहीं. तेव्हां त्या मुलावर रागावण्याचा आमचा अधिकार कितपत होता, हें वाचकांनींच ठरवावें.

प्रोग्राम सुरू झालाच नाहीं. त्याऐवजीं ‘विंडोज अद्ययावत होत आहे, संगणक बंद करूं नये’ अशा अर्थाची एक चौकट झळकली व टक्केवारी सावकाश वाढूं लागली. ती चौकट खोटी होती. तिच्या पडद्यामागें एकेक फाईल कुलुपांत जात होती. संगणकाचा पंखा घरघरूं लागला, डिस्कचा दिवा लुकलुकावयाचा थांबेना, साधी खिडकी उघडावयास मिनिट लागूं लागलें. दहा साडेदहाच्या सुमारास मुलाला आपल्या फायलींच्या नांवांपुढें चार अक्षरांची एक निरर्थक शेपटी जोडलेली दिसली. कांहीं तरी भलतें झालें हें त्याला उमगलें. तो उठला, पडदा मिटविला, संगणक तसाच चालूं ठेवला, आणि जाऊन निजला. निजला म्हणजे अंथरुणावर पडून राहिला, असें त्यानें पुढें सांगितलें.

सोमवारीं सकाळीं स्नानसंध्या आटोपून नाना नेहमींप्रमाणें लिहावयास बसले. कुलवृत्तान्ताची फाईल उघडेना. त्यांस वाटलें, विजेच्या चढउतारानें बिघडली असेल. नाना मोठे व्यवस्थित. दर महिन्याच्या अमावास्येस सर्व फायलींची नक्कल ते एका निराळ्या डिस्कवर करून ठेवीत व ती डिस्क कपाटांत कुलुपांत असे. ती त्यांनीं काढिली, झाडून पुसून संगणकास जोडिली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या डिस्कवरील फायलींनाही तीच शेपटी फुटूं लागली.

या जातीचा विषाणू एकदां काम करून थांबत नाहीं. पांच पांच मिनिटांनीं पुन्हां जागा होण्याची योजना तो संगणकांतच करून ठेवितो. म्हणून नवी फाईल केली, पेनड्राइव्ह लाविला, बाहेरची डिस्क जोडिली, कीं तीही त्याच्या तावडींत जाते. आपली राखीव डिस्क आपल्याच हातानें आपण त्याच्या तोंडीं देतों. आमच्या घरचें सर्वांत मोठें नुकसान रात्रीं झालें नाहीं. तें सकाळीं नऊ वाजतां झालें.

आतां हा रोग ओळखावा कसा, तें सांगतों. एखादीच फाईल उघडत नसेल तर तो बहुधा साधा बिघाड असतो. परंतु पुष्कळ फायली एकदम मुक्या झाल्या, त्यांचीं चित्रखुणा जाऊन कोरे पांढरे कागद दिसूं लागले, नांवांना सर्वत्र एकच अनोळखी शेपटी लागली, आणि प्रत्येक कप्प्यांत एकाच नांवाची चिठ्ठी आढळली, तर शंकेला जागा उरत नाहीं. आमच्या येथें त्या चिठ्ठीचें नांव ‘रीडमी’ होतें. विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम करणाऱ्यांचीं संकेतस्थळें तेवढीं उघडत नाहींत व बाकीचीं उघडतात, हें आणखी एक लक्षण. कारण त्या वाटा तो आधींच बुजवून ठेवितो. याच्या उलट एक खोटी भीतीही असते. इंटरनेट पाहतां पाहतां सबंध पडदा लाल होऊन भोंगा वाजूं लागतो, तुमचा संगणक बंद केला आहे, अमक्या क्रमांकावर फोन करा, असें दिसतें. तें केवळ एक पान असतें; ऑल्ट व एफ-४ हीं बटणें एकदम दाबून किंवा संगणक पुन्हां सुरू करून तें जातें, व फायली जागच्या जागीं शाबूत असतात. त्या क्रमांकावर फोन मात्र करूं नये.

खरें लक्षण दिसतांच काय करावें? प्रथम इंटरनेटची तार उपटावी किंवा वायफायची पेटी बंद करावी. जोडलेल्या डिस्क व पेनड्राइव्ह काढावे, नवें कांहीं जोडूं नये. कुलुपें पडण्याचें काम चालूंच असेल तर संगणकाची वीज सरळ तोडावी. चार फायली बिघडल्या तरी चारशें वांचतील. चिठ्ठीचें व पडद्याचें छायाचित्र मोबाईलवर घ्यावें. आणि घरांतील प्रत्येकास मोठ्यानें सांगावें कीं, याला कोणीं हात लावूं नका. या शेवटच्या गोष्टीस कांहीं विद्या लागत नाहीं, पण आमच्या घरीं तीच झाली नाहीं.

बुधवारपर्यंत पुतण्या बोलला नाहीं. दोन दिवस घरांत तर्क चालले होते. कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे बँकेच्या नांवानें आलेली ईमेल. थोरल्या बंधूंनीं तर नानांचाच कांहीं हात चुकला असावा असें सुचविलें, व नानांनीं तें ऐकून घेतलें. तें ऐकून घेणें मुलाला सोसलें नाहीं. बुधवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर तो आमच्यापाशीं येऊन म्हणाला, “काका, नानांची चूक नाहीं. मी केलें.” मग सर्व सांगितलें. रात्रींच कां बोलला नाहींस, असें विचारतां त्यानें मान खालीं घालून उत्तर दिलें कीं, गेल्या वर्षीं मोबाईलची कांच फुटली तेव्हां आठ दिवस घरांत जें चाललें होतें तें त्याला आठवलें. आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हतें. त्या आठ दिवसांच्या बोलण्यांत आमचाही वांटा होता, आणि एका फुटक्या कांचेवर खर्च केलेल्या त्या शब्दांची किंमत आम्हीं पुढें नानांच्या डिस्कनें चुकविली.

चिठ्ठींतील मजकूर मोठा आर्जवी होता. काळजी करूं नका, सर्व फायली परत मिळतील, असा आधीं धीर दिला होता. मग किंमत: ९८० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें बाहत्तर हजार रुपये, पण ७२ तासांच्या आंत पत्र घातल्यास निम्मी सूट, ४९० डॉलर. वानगीदाखल एक फाईल फुकट उघडून दाखवूं, असेंही आश्वासन होतें. दिवाळीच्या सेलच्या जाहिरातींत व त्या चिठ्ठींत भाषेचा फारसा फरक नव्हता.

हें कुलूप फोडतां कां येत नाहीं, असें नाना वारंवार विचारीत. त्यांस आम्हीं जें समजाविलें तेंच येथें देतों. देवळांतील दानपेटी मनांत आणावी. तींत कोणीही कांहीं टाकूं शकतो. काढूं मात्र तोच शकतो ज्याच्याजवळ पेटीची किल्ली आहे. विषाणू आपल्या फायलींना एका किल्लीनें कुलूप लावितो, आणि मग ती किल्लीच अशा दानपेटींत टाकितो. पेटी आपल्या घरांत, पण तिची किल्ली परदेशांत बसलेल्या चोराच्या कनवटीला. ती किल्ली गणितानें शोधूं म्हटल्यास जगांतील सर्व संगणक एकत्र राबविले तरी आपलें आयुष्य पुरणार नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें. या धंद्याचा पहिला प्रयोग १९८९ सालचा. जोसेफ पॉप नांवाच्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें एड्स रोगाची माहिती देण्याच्या मिषानें सुमारें वीस हजार फ्लॉपी टपालानें धाडल्या. संगणक नव्वद वेळां सुरू केल्यावर फायलींचीं नांवें गडप होत व पनामा देशांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा अशी मागणी येई. पण त्यानें किल्ली प्रोग्रामांतच ठेवली होती. जाणत्यांनीं ती शोधून काढिली. पुढें दानपेटीची युक्ति साधली, आणि बिटकॉइनमुळें खंडणी घेणाऱ्याचें नांव-गांव न कळतां पैसा घेण्याची सोय झाली, तेव्हां हा उद्योग भरभराटीस आला. आमच्या घरीं शिरलेल्या विषाणूचें कूळ ‘स्टॉप’ अथवा ‘डीजेव्हीयू’ या नांवानें ओळखलें जातें. कचेऱ्यांपेक्षां घरांवर त्याचा डोळा, आणि ‘क्रॅक’ हीच त्याची आवडती वाट.

पैसे द्यावेत कीं नाहीं, यावर घरांत दोन पक्ष झाले. ठेव मोडण्यास नाना तयार होते. स्वतःच्या कुलवृत्तान्तासाठीं नव्हे; आईचा आवाज जाऊं नये, म्हणून. वहिनींचें म्हणणें असें कीं, जो चोरी करून आला त्याच्या शब्दावर विश्वास कशाचा? आमचें मत वहिनींकडे झुकलें, तें केवळ तत्त्वासाठीं नव्हे. पैसे दिल्यावर किल्ली येईलच याला जामीन कोणी नाहीं. आलीच तर ती सर्व फायलींना लागेल असेंही नाहीं. आणि पैसे देणारें घर म्हणून आपलें नांव त्यांच्या वहींत चढतें तें निराळेंच. अशांत एका दुरुस्तीवाल्यानें निरोप धाडला कीं, आमच्याजवळ खास तंत्र आहे, पंचेचाळीस हजार द्या, सर्व फायली उघडून देतों. त्याला आम्हीं एवढेंच विचारलें कीं, जें कुलूप चोराशिवाय कोणाला उघडत नाहीं तें तुम्ही कसें उघडणार? त्यानें फोन ठेविला. अशा कित्येक ‘तज्ज्ञां’चें तंत्र म्हणजे चोराला गुपचूप पैसे भरणें व वर आपली दलाली घेणें हेंच असतें, ही गोष्ट अमेरिकेंत २०१९ सालीं उघडकीस आली आहे.

नानांचा निश्चय ज्या गोष्टीनें फिरला ती महाराष्ट्रांतीलच आहे. २७ जून २०१७ रोजीं न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलाचें काम अचानक थांबलें. हें टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाजकंपनीच्या समूहाकडे होतें, आणि युक्रेन देशांत हिशेबाच्या एका प्रोग्रामांतून सुटलेल्या विषाणूनें त्या कंपनीचे जगभरचे संगणक त्याच दिवशीं बंद पाडले होते. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती. परंतु ती केवळ दिखाऊ होती, पैसे देऊनही कांहीं परत मिळण्याची सोय त्या विषाणूंत ठेवलेलीच नव्हती. मग कंपनी सांवरली कशी? संगणकांच्या जाळ्याचा जो मूळ नकाशा, त्याच्या सर्व देशांतील नकला एकाच वेळीं नष्ट झाल्या होत्या. एक तेवढी वांचली, ती आफ्रिकेंतील घाना देशांत. कारण हल्ला झाला तेव्हां तेथील कचेरीची वीज गेली होती व तो संगणक बंद पडून जाळ्यापासून तुटला होता. ती नक्कल माणसाबरोबर विमानानें इंग्लंडला नेण्यांत आली. वीज गेल्यानें एवढें मोठें काम वांचावें, हें ऐकून भारनियमनाला आयुष्यभर शिव्या देत आलेले नाना प्रथमच हंसले. पुढें मार्च २०२१ मध्यें आपल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मुख्यालयांतील व प्रादेशिक कचेऱ्यांतील संगणकांवरही असाच घाला आला. तेव्हां घरगुती माणसांनीं आपल्याला शरमण्याचें कारण नाहीं.

शरमेचा उल्लेख अशासाठीं कीं, तक्रार करावयास लोक कचरतात. हा गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याखालीं येतो. केंद्र सरकारच्या ‘सायबर क्राइम’ या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदवितां येते. १९३० हा दूरध्वनिक्रमांक विशेषतः पैसे गेले असतील तर तत्काळ फिरवावा. जवळच्या पोलीस ठाण्यांतही तक्रार देतां येते, व जिल्ह्याच्या गांवीं, म्हणजे आमच्याकडे बुलढाण्यास, सायबर पोलीस ठाणें आहे. चोर सांपडेलच असें आम्ही म्हणत नाहीं. पण आपल्या संगणकांतून पासवर्ड चोरीस जाऊन पुढें त्यांचा दुरुपयोग झाला, तर तारखेची नोंद आपल्या बाजूनें बोलते.

पासवर्डांचें हें भय खरें आहे. ‘स्टॉप’ अनेकदां एकटा येत नाहीं. कुलूप लावतां लावतां संगणकांत साठविलेले पासवर्ड पळविणारा सोबतीही आणितो. म्हणून त्याच संगणकावर नव्हे, तर दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून किंवा मोबाईलवरून बँकेचे, ईमेलचे व इतर सर्व पासवर्ड त्याच दिवशीं बदलावेत. आम्हीं ते गुरुवारीं बदलले. सोमवारींच बदलावयास हवे होते.

आतां काय परत मिळालें तें. फुकट किल्ल्यांचा एक खजिना आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल व दोन खासगी कंपन्या यांनीं जुलै २०१६ मध्यें ‘नो मोअर रॅन्सम’ हें संकेतस्थळ सुरू केलें. कुलुपांत गेलेली एक फाईल व चिठ्ठी तेथें दाखविली कीं विषाणूचें कूळ कळतें, आणि किल्ली उपलब्ध असेल तर मोफत मिळते. ‘स्टॉप’साठीं एम्सिसॉफ्ट या कंपनीनें ऑक्टोबर २०१९ मध्यें असें साधन काढलें, व त्याच्या तेव्हांच्या १४८ प्रकारांवर तें चालूं लागलें. नव्या प्रकारांचें मात्र दैवावर आहे. विषाणू शिरतो त्या क्षणीं त्याला आपल्या मालकाशीं इंटरनेटवरून बोलतां आलें, तर तो आपल्यासाठीं स्वतंत्र किल्ली आणितो. बोलतां आलें नाहीं, तर जवळची एकच ठराविक किल्ली सर्वांना वापरतो, आणि ती आज ना उद्यां कोणाच्या तरी हातून बाहेर पडते. चिठ्ठीच्या शेवटीं जो लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्याचीं अखेरचीं दोन अक्षरें ‘टी१’ असतील तर ही ठराविक किल्ली होय, म्हणून आशेला जागा. आमच्या क्रमांकाच्या शेवटीं तीं नव्हतीं. जानेफळचें नेट दिवसांतून दहादां जातें. त्या रविवारीं रात्रीं मात्र तें एकदांही गेलें नाहीं.

कुलवृत्तान्त त्यामुळें गेला. पण हा विषाणू घाईचा आहे. प्रत्येक फाईल सबंध कुलुपांत घालण्यास वेळ लागतो, म्हणून तो तिचा फक्त आरंभीचा दीडशें केबी एवढाच भाग बंद करितो. लेख किंवा पत्र लहान असतें, तें त्यांतच संपतें. छायाचित्राचा आरंभ गेला कीं तें सहसा उघडत नाहीं. परंतु ध्वनिमुद्रण लांब असतें. हें वाचनांत आल्यावर पुतण्यानें एका स्वच्छ संगणकावर आजीच्या ध्वनिमुद्रणांच्या नकला घेतल्या, आणि प्रत्येकीचा बंद पडलेला आरंभ कापून टाकिला. एमपी३ जातीच्या साध्या ध्वनिमुद्रणांत तो भाग सुमारें नऊदहा सेकंदांचा भरतो. शुक्रवारीं संध्याकाळीं दिवेलागणीस त्यानें पहिलें मुद्रण लाविलें. जात्याची घरघर आली, आणि एका ओवीच्या मध्यापासून आजी गाऊं लागली. वहिनी पोळ्या टाकून बाहेर आल्या. नाना कांहीं बोलले नाहींत. मुलाला त्यांनीं आपल्याजवळ बसवून घेतलें, व ४१ मुद्रणें संपेपर्यंत कोणी उठलें नाहीं.

मुंजीलग्नांचीं छायाचित्रें नातेवाइकांच्या मोबाईलवरून परत गोळा झालीं. तीं व्हॉट्सॲपवरून गेलेलीं असल्यामुळें मुळाइतकीं स्पष्ट नाहींत, पण चेहरे ओळखूं येतात. कुलवृत्तान्ताचीं १९० पृष्ठें नानांनीं नवरात्रांत छापून नागपूरच्या चुलतभावांकडे शुद्धिपत्रासाठीं टपालानें धाडलीं होतीं. कागदावर कोणताही विषाणू चढत नाहीं, म्हणून तीं वांचलीं. उरलेला भाग वह्यांवरून पुन्हां लिहावा लागला. कुलुपांतल्या फायली आम्हीं फेंकल्या नाहींत. त्या चिठ्ठीसह एका जुन्या डिस्कवर निजवून ठेविल्या आहेत. कारण कधीं कधीं चोरांचीं मंडळें मोडतात व किल्ल्या जाहीर होतात. ‘टेस्लाक्रिप्ट’ची २०१६ सालीं व ‘शेड’ची २०२० सालीं अशीच झाली. म्हणून दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारून देतों’ म्हणाला तरी आधीं त्या फायली बाजूला काढून घ्याव्यात. त्यानंतर मात्र संगणक मुळापासून पुसून ‘विंडोज’ नव्यानें घालावें. नुसता विषाणू काढला म्हणजे भागलें, असें समजूं नये. आम्हीं या खेपेस पावती घेऊन प्रत घेतली.

विषाणूप्रतिबंधक प्रोग्रामही घ्यावा. पुण्याचे कैलास काटकर यांनीं गणनयंत्रें दुरुस्त करण्यापासून आरंभ केला, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनीं प्रोग्राम लिहिला, आणि त्यांतून ‘क्विक हील’ उभें राहिलें, हें मराठी माणसास अभिमानास्पदच आहे. पण कोणत्याही कंपनीचा प्रोग्राम असला तरी आपण हातानें बंद केल्यावर तो काय करणार? ‘विंडोज’च्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घ्याव्यात. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’नें दीडशेंहून अधिक देशांत जो हाहाकार केला, त्याचें औषध मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिलें होतें, ज्यांनीं घेतलें नव्हतें तेच बहुतेक सांपडले. ‘विंडोज १०’ला मिळणाऱ्या नेहमींच्या फुकट दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या, हेंही घरोघरच्या जुन्या संगणकांच्या मालकांनीं ध्यानांत घ्यावें. फायलींच्या नांवांच्या शेपट्या दिसतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे वीजबिल म्हणून आलेल्या वस्तूची शेपटी ‘ईएक्सई’ आहे हें उघडण्यापूर्वीं कळतें.

नकलांविषयीं आमची जुनी चूक अशी कीं, नक्कल होती पण ती एकच, आणि संकट ओळखण्यापूर्वीं आम्हीं ती जोडली. आतां दोन डिस्क आहेत. एक वहिनींच्या कपाटांत चांदीच्या भांड्यांमागें असते, व महिन्यांतून एकदां, संगणक निर्दोष असल्याची खात्री करून, तासाभरापुरतीच जोडली जाते. दुसरी अकोल्यास बहिणीकडे असते. शिवाय आजीचीं मुद्रणें इंटरनेटवरील साठवणींतही ठेविलीं आहेत, जेथें फाईल बदलली तरी तिची आधींची प्रत कांहीं दिवस परत मागतां येते.

कुलवृत्तान्ताचें दुसरें टंकलेखन पुतण्यानें केलें. रोज दुपारीं नाना वही हातांत घेऊन सांगत व तो दहा बोटांनीं टंकीत असे. सहा वर्षांचें काम सात महिन्यांत उतरलें, आणि नानांच्या पहिल्या प्रतींतील दोन पिढ्यांची अदलाबदल त्या वेळीं त्यालाच सांपडली. चित्रफितीचा प्रोग्राम आम्हीं विकत घेऊन दिला. साखरपुड्याची चित्रफीत मात्र अजून जोडून व्हावयाची आहे. ज्या मुलीचा तो साखरपुडा, तिला आतां तीन वर्षांचा मुलगा आहे.

दर भाऊबीजेला अकोल्याची बहीण येते तेव्हां तिच्या पिशवींत एक डबी असते. ओवाळणी झाली कीं ती डबी वहिनींच्या हातीं देते, वहिनी कपाटांतली दुसरी तिच्या पिशवींत घालतात, आणि वर चकल्यांचा डबा ठेवितात.